प्लेडोचा आठवडा

सोमवारी सकाळी साडेसातला डॉ. गुरुनाथ शिराळकर, बालरोगतज्ज्ञ, मुक्काम पूर्वी कराड आणि हल्ली न्यूझीलंडमधलं अप्पर हट, स्वयंपाकघरात दोन कप मैदा, एक कप मीठ, थोडं तेल आणि दोन चमचे क्रीम ऑफ टार्टर घेऊन उभा होता. हे खायचं काही नव्हतं. त्याची मुलगी इशिता ज्या प्लेसेंटरमध्ये जायची ती बालवाडी आईबापांनीच मिळून चालवायची असे, आणि दर आठवड्याला एका घरानं पोरांना खेळायला प्लेडो, म्हणजे रंगीत मऊ कणीक, करून आणायची असा तिथला शिरस्ता होता. भिंतीवरच्या तक्त्यात या आठवड्यापुढं शिराळकरांचं नाव होतं. त्याची बायको सुलेखा नर्स. ती सहाच्या ट्रेननं ड्यूटीवर गेली होती. जाताना म्हणाली, "कृतीचा कागद फ्रिजवर लावलाय. अगदी सोपं आहे. आणि गुरू, प्लीज, घाई करू नकोस."

गुरुनाथला घाई करू नकोस म्हणणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. किटलीतलं पाणी उकळेपर्यंत तो तीनदा खिडकीशी जाऊन आला, दोनदा पोस्टाची पेटी उघडून आला, साडेसातला पोस्टमन येत नाही हे ठाऊक असून. कपाटाच्या दारावर परीक्षेच्या टिपणांचे कागद चिकटवले होते. त्यातला एक वाचायला लागला आणि अर्ध्यात सोडला. क्रीम ऑफ टार्टरच्या डबीवरचं लेबल मात्र त्यानं पूर्ण वाचलं. औषधशास्त्राच्या जुन्या पुस्तकात हा पदार्थ जुलाब होण्यासाठी दिलेला होता. तो पोरांच्या खेळण्यात घालणाऱ्या लोकांना काय म्हणावं, हे त्याला कळेना.

मग त्यानं सगळं एकदम ओतलं, उकळतं पाणी वरून घातलं आणि लगेच हात घातला. पोळला. हात नळाखाली धरून तो जे काही बोलला ते अस्सल कराडी होतं आणि इथं लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षांत स्वयंपाकघरात पिण्याचं पाणीसुद्धा स्वतः घेतलं नव्हतं, त्याच्यावर कणीक मळायची वेळ आली होती. पण मळता मळता गुठळ्या मोडल्या, हिरवा रंग सगळीकडं सारखा झाला आणि एक गोल, गुळगुळीत, ऊनऊन गोळा तयार झाला. त्याकडं बघताना त्याची चार बोटं आपसूक त्या गोळ्यात रुतली. त्याची आई तसं करायची. कणकेचा गोळा गुळगुळीत ठेवायचा नसतो, पिंडासारखा दिसतो, म्हणायची. एम.डी. झालेल्या माणसानं असलं काही मानू नये. पण घरात साडेचार वर्षांचं एकुलतं एक पोर असलं आणि त्या पोराचं काहीतरी बिनसलंय हे रात्रंदिवस डोक्यात असलं, की एम.डी.सुद्धा बोटं उमटवतो.

कारण इशिता बोलत नव्हती.

म्हणजे मुकी नव्हती. कराडला होती तेव्हा तीन वर्षांची ही पोरगी दवाखान्याच्या दारात उभी राहून पेशंटांना "चला, पुढचा नंबर" असं ओरडायची, आणि म्हाताऱ्या बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. न्यूझीलंडला आल्यावर पहिले काही महिने ठीक गेले. मग बोलणं आटत गेलं. आधी गाणी गेली, मग प्रश्न गेले, आणि आता दिवसाकाठी चारपाच शब्द, तेही मागायचं काही असेल तर. हाक मारली तर यायची नाही. रविवारी कराडहून आजीचा, आशालताबाईंचा, फोन आला की ती रिसीव्हर कानाला लावायची, दोन क्षण ऐकल्यासारखं करायची आणि परत देऊन टाकायची. म्हातारी तिकडं रडायची, "पोरीला माझा आवाजच ओळखू येईना झालाय रे."

गुरुनाथच्या परीक्षेचं म्हणाल तर ते दुःखही होतंच. इथं डॉक्टरकी करायची तर तोंडी परीक्षा द्यावी लागे, आणि तीत तो दोनदा आपटला होता. दुसऱ्या खेपेच्या पत्रात लिहिलं होतं की उमेदवारानं मुलाच्या आईशी संवाद केला, मुलाशी केला नाही. यावर तो आठवडाभर धुमसत होता. पोट दुखणाऱ्या पाच वर्षांच्या पोराशी काय संवाद करायचा? हवापाण्याच्या गप्पा? कराडला त्याच्याकडं दिवसाला शंभर-सव्वाशे पोरं यायची. हनुवटी धरायची, रडायला तोंड उघडलं की त्यातच घसा बघून घ्यायचा, आईचं वाक्य संपायच्या आत चिठ्ठी लिहून मोकळं. दीड मिनिटात पेशंट बाहेर, आणि तिसऱ्या दिवशी ते पोर रस्त्यावर गोट्या खेळताना दिसायचं. लोक म्हणायचे, शिराळकरांच्या हाताला गुण आहे. तिसऱ्या खेपेला, सप्टेंबरात, तो पास झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच तिथं अडकायला नको. जीव अडकावा असं दुसरंच होतं.

ते स्वयंपाकघराच्या खणात पडलं होतं. प्लेसेंटरच्या मुख्य बाईंनी, शेरिलनं, मे महिन्यात एक फॉर्म दिला होता. इशिता नोव्हेंबरात पाच वर्षांची होणार, आणि इथं पोरं वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत जातात. त्याआधी तिला एका तज्ज्ञ बाईंनी बघावं असं शेरिलचं म्हणणं होतं. फॉर्मवर 'विकास', 'वर्तन', 'आकलन' असे मथळे होते. गुरुनाथला त्या मथळ्यांच्या पलीकडची सगळी नावं पाठ होती. दुसऱ्या बापाला एखादी भीती वाटते. बालरोगतज्ज्ञ बापाला पाठ्यपुस्तकाचं अख्खं प्रकरण वाटतं, अनुक्रमणिकेसकट. म्हणून दोन महिने तो फॉर्म न भरता पडला होता, आणि सुलेखा रोज खण उघडायची, चमचे घ्यायची आणि खण लावून टाकायची.

त्याच्याही आधीपासून त्यांनी दुसरा उपाय चालवला होता. सुलेखाच्या वॉर्डातल्या कुणीतरी भल्या मनानं सांगितलं की दोन भाषांमुळं मुलं गोंधळतात. गुरुनाथनं तो सल्ला घट्ट धरला, कारण बुडत्याला काडीचा आधार. गोंधळच असेल तर तो रोग नाही! फेब्रुवारीपासून घरात मराठी बंद. सुलेखानं त्या रात्री भांडण काढलं होतं. "मी माझ्या लेकीचे लाड इंग्लिशमधून कसे करू? मला येतच नाहीत." पण येत नाहीत म्हटलं तरी केले. पाच महिने त्या घरात आई आणि बाप पोरीशी सरकारी पत्रासारख्या इंग्रजीत बोलत होते, आणि पोरगी अधिकाधिक गप्प होत चालली होती.

"इशिता, कम. शूज," गुरुनाथ गोळा टॉवेलात गुंडाळता गुंडाळता म्हणाला. ती पॅसेजमध्ये पाठमोरी बसली होती. नाक वाहत होतं. अप्पर हटची ती लाकडी घरं हिवाळ्यात अशी गारठतात की खिडक्यांना आतून पाणी सुटतं, आणि इशिताचं नाक दोन हिवाळे असं वाहतच होतं. "शूज, इशिता!" ती हलली नाही. "हट्टी आहे नुसती, आज्जीवर गेलीय," असं पुटपुटत तो गेला आणि हाताला धरून तिला उठवलं. ती दचकली. ती नेहमीच दचकायची.

प्लेसेंटर म्हणजे रग्बीच्या मैदानाला लागून असलेला एक जुना हॉल. बाहेर गवतावर दंव होतं. आत हीटरचा वास आणि पंधरावीस पोरांचा गोंगाट. टॉवेल उघडल्याबरोबर सगळी टेबलाभोवती धावली. गोळा अजून गरम होता, आणि थंडीतून आलेली ती पोरं त्याला आधी गालच लावायला लागली. एकानं तर कान लावला.

"किया ओरा, गुरू! गरम आणलास? ब्रिलियंट," शेरिल म्हणाली. ती पन्नाशीची, पायात लोकरी मोजे आणि त्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालणारी बाई होती आणि तिला कुठल्याही गोष्टीची घाई नसे. गुरुनाथला तिचा धाक वाटायचा.

सुलेखाची ड्यूटी असली की टेबलाशी बसायचं काम गुरुनाथकडं असे, आणि तो त्याचा परीक्षेसाठी सराव करून घ्यायचा. उकिडवा बसून, पाठ केलेलं हसू आणून तो एकेका पोराला विचारायचा, "हॅलो, माझं नाव गुरू. तुझं नाव काय? आज तुला कसं वाटतंय?" पोरं चमत्कारिक नजरेनं बघायची. एका मुलीनं एकदा शांतपणे सांगितलं होतं, "कालच सांगितलं की." त्या दिवशीही त्यानं दोघांना विचारलं, दोघांनी उत्तर दिलं नाही, आणि त्याला वाटलं, सव्वाशे पेशंट परवडले. त्याचे हात चुळबुळायला लागले. प्लेडोचा एक गोळा त्यानं उचलला.

आषाढ होता. कराडला बेंदूर आला असणार. लहानपणी कुंभारवाड्यातून मातीची बैलजोडी आणायचे घरी, पण गुरुनाथला ती पसंत पडायची नाही. तो आपली जोडी आपण करायचा. चार वर्षांचा असल्यापासून करायचा. आता त्याच्या बोटांनी विचारलं नाही, सांगितलं नाही. वशिंड उठलं, मान वळली, शिंगं बाकदार झाली, आणि तीन मिनिटांत टेबलावर हिरवागार खिलारी उभा. मग दुसरा. पोरं ओरडली. "मला पण! मला डॉग!" "मला हॉर्स!" "गुरू, मला, मला!" गुरुनाथचा चेहरा उजळला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्यापुढं रांग लागली होती. कुत्रा झाला, घोडा झाला, एक मेंढी झाली. एकामागून एक, दीड मिनिटाला एक.

शेरिल त्याच्या मागं येऊन उभी राहिली. "गुरू," ती हळूच म्हणाली, "आपण त्यांना करून देत नाही."

"पण त्यांना आवडतंय."

"हो. पण बघ."

त्यानं बघितलं. सहा पोरं हात मांडीवर ठेवून आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बसली होती. त्यांनी स्वतः केलेले वाकडेतिकडे गोळे टेबलाच्या कडेला ढकलून दिले होते. एक मुलगा स्वतःच्या गोळ्याकडं बघून म्हणाला, "माझं रबिश आहे."

"करून द्यायचं नाही, शिकवायचं नाही, सारखं काय आहे ते विचारायचंही नाही," शेरिल म्हणाली. "नुसतं बस. शेजारी बस आणि बघ. स्वीट ॲज?"

स्वीट ॲज म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे ना. स्वीट कसलं? कडू झालं त्याचं तोंड. आजवर कुणी त्याला हात आवर म्हणून सांगितलं नव्हतं. इथल्या परीक्षकांनी सांगितलं बोल, ही बाई सांगते बोलू नको. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, खुर्ची ओढली आणि रागारागानं नुसता बसला. खुर्चीही लहान मुलांची, गुडघे छातीशी आलेले. पहिली पाच मिनिटं त्यानं घड्याळ बघण्यात घालवली. पाय हलत होता. मनात शेरिलला, परीक्षकांना, स्वतःला आणि हातचं सोडून पळत्यामागं धावायला लावणाऱ्या व्हिसासाठी मिळवलेल्या त्या न्यूझीलंडच्या पॉइंटांना शिव्या देऊन झाल्या. मग देण्यासारखं कुणी उरलं नाही, तेव्हा त्याची नजर समोर गेली.

समोर इशिता बसली होती. तिच्या शेजारी किरी नावाची तिच्याच वयाची एक माओरी मुलगी. दोघी लहान लाटण्यांनी प्लेडो लाटत होत्या. इशिताची पोळी गोल होती. घरी बघून हात बसला होता. किरीला काहीतरी सांगायचं होतं. पण ती लगेच बोलली नाही. तिनं आधी आपल्या प्लेडोचा तुकडा इशिताच्या मनगटावर दोनदा टेकवला, टप टप. इशितानं मान वर केली. मग किरीनं तोंड तिच्या तोंडासमोर नेलं आणि मगच विचारलं, "ही ब्रेड आहे का?"

"ब्रेड नाही," इशिता इंग्रजीत म्हणाली. "ही पोळी. तू बटर लाव. मग फोल्ड कर. तुझ्या नॅनला दे." नॅन म्हणजे आजी.

गुरुनाथचा पाय हलायचा थांबला. चार वाक्यं! एका दमात! घरात आठवड्यात एवढी होत नव्हती. त्यानं हात मांड्यांखालून काढले आणि परत घातले. हलायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. झाडावर पक्षी बसलाय आणि हललो तर उडेल, तसं त्याला झालं.

किरीनं पोळीला बटर लावलं, घडी घातली. पुन्हा सांगायचं होतं. पुन्हा आधी टप टप, मग तोंडासमोर तोंड, मग शब्द. इशिता प्रत्येक वेळी किरीच्या ओठांकडं बघत होती. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. बाजूला बसलेल्या मुलानं इशिताला लाटणं मागितलं, दोनदा मागितलं. तिनं ढुंकून बघितलं नाही. तो रागावून निघून गेला.



गुरुनाथ उठला. पोरांचे गोळे गोळा करतोय असं दाखवत इशिताच्या मागं गेला. "इशिता," हळू म्हणाला. काही नाही. "इशिता." थोडं मोठ्यानं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या दोन मुलींनी वर बघितलं, तिनं नाही. त्यानं एक लाकडी लाटणं उचललं आणि कडक फरशीवर सोडून दिलं. खाडकन आवाज झाला. टेबलाभोवतीची झाडून सगळी पोरं वळली. इशिता पोळी लाटत होती.

किरी त्याच्याकडं बघत होती. मोठ्या माणसांना साध्या गोष्टी समजत नाहीत याची सवय असलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर असते तशी सबुरी तिच्या चेहऱ्यावर होती. "आधी टच करायचं असतं," तिनं सांगितलं. "मग समोर यायचं. मग ती हीप्स बोलते, खूप खूप. माझी नॅन पण तश्शीच आहे."

चार वर्षांच्या मुलीनं निदान केलं होतं. तिच्या घरी कमी ऐकू येणारी आजी होती, तिला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि तिनं ते करून टाकलं होतं, कुणालाही न विचारता. एम.डी. बालरोग, सुवर्णपदक, सव्वाशे पेशंट, हाताला गुण! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गुरुनाथला एकदम हसावंसं वाटलं आणि एकदम ओरडावंसं वाटलं. पाठ्यपुस्तकातलं ते भयंकर प्रकरण नव्हतं. पोरीला ऐकू येत नव्हतं, एवढंच. एवढंच! दोन हिवाळे वाहणारं नाक, कानाच्या पडद्यामागं साचलेलं पाणी. याच्यावर एकेकाळी त्यानं भाषण दिलं होतं, मिरजेला.

मग त्याला का दिसलं नाही? त्यानं परतताना स्वतःला तेच विचारलं, इशिताचा हात धरून, इतक्या भरभर चालत की तिला पळावं लागत होतं. कराडला त्याच्याकडं कान यायचे ते वाहणारे, ठणकणारे, कापसाचा बोळा घालून आणलेले. न दुखता, न वाहता गुपचूप भरलेला कान घेऊन कोणती आई सव्वाशेच्या रांगेत उभी राहील? आणि आली असती तर त्यानं दीड मिनिटात काय बघितलं असतं? किती आल्या असतील आणि नुसतं सर्दीचं औषध घेऊन गेल्या असतील? हे सगळं खरं होतं. पण याहून खरं असं होतं की त्यानं पोरीकडं बघितलंच नव्हतं. भीती वाटत होती म्हणून बघितलं नव्हतं. हे त्यानं स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं आणि त्याची त्याला अतिशय लाज वाटली. मग लक्षात आलं की ती पळतेय. तो थांबला. सावकाश चालायला लागला.

कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, त्यानं चार सेल घेतले, आणि इशिताला एक लॉलीपॉप. घरी आल्यावर बेडरूमच्या कपाटातल्या सगळ्यात वरच्या बॅगेतून ओटोस्कोप काढला. कान बघायचं ते छोटं, दिव्याचं यंत्र. कराड सोडल्यापासून त्याची डबी उघडली नव्हती. परवाना मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही असा त्याचा हेका होता. अपमानच तो, दुसरं काय. जुने सेल आत फुटून गंजले होते. चाकूनं खरवडून त्यानं नवे घातले. दिवा लागला.

चार वाजता सुलेखा आली. तिनं दारातच त्याचा चेहरा बघितला आणि बॅग हातातच ठेवून विचारलं, "काय झालं? पुढच्या परीक्षेचं पत्र आलं का?"

"तिला ऐकू येत नाहीये," गुरुनाथ म्हणाला. पाच महिन्यांनी त्या घरात, पोरगी जागी असताना, मराठी बोललं गेलं. "बहुतेक दोन्ही कान. पाणी साचलंय. मला आज कळलं. मलाही नाही कळलं, एका पोरीनं सांगितलं."

सुलेखा दाराच्या चौकटीला टेकली. ती नर्स होती. तिला समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तेच वाईट होतं, कारण एका क्षणात तिला आजीचे फोन आठवले, दचकणं आठवलं, पाठमोऱ्या पोरीवर केलेला आरडाओरडा आठवला. "मी मारलं होतं तिला," ती म्हणाली. "त्या दिवशी, रस्त्यात. थांब म्हटलं तर थांबली नाही म्हणून."  गुरुनाथनंही मारलं होतं.

इशिता स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. उरलेला हिरवा प्लेडो तिच्यापुढं होता आणि ती त्याच्या चिमुकल्या पोळ्या करून एकावर एक रचत होती. सुलेखानं बॅग टाकली, हात धुतले आणि सवयीनं म्हणाली, "चल, मी डोकं धरते, तू बघून घे."

"नको. धरू नकोस."

"हलेल ती."

"हलू दे."

गुरुनाथ इशितासमोर जमिनीवर बसला. हात शिवशिवत होते. हनुवटी धरावी, मान वळवावी, कान वर ओढावा, पाच सेकंदांचं काम. त्यानं तिच्या मनगटावर बोट टेकवलं, दोनदा. ती वर बघेपर्यंत थांबला. मग ओटोस्कोप तिच्याच हातात दिला आणि स्वतःचा कान तिच्यापुढं केला. तिनं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग एका पोळीत बघितलं, मग आईच्या कानात. सुलेखा ओट्याशी वाकून तशीच उभी राहिली. पंधरा मिनिटं गेली असतील. गुरुनाथनं घड्याळ बघितलं नाही. शेवटी इशितानं यंत्र त्याच्या हातात ठेवलं आणि आपण होऊन मान तिरकी केली.

पडदा निस्तेज होता, पिवळसर, आणि त्यामागं पाण्याची रेघ, वर दोन बुडबुडे. दुसरीकडंही तेच. पुढं सगळं रीतसर झालं: इथल्या डॉक्टरीणबाई, मोठं हॉस्पिटल, भूल, पडद्यात बसवलेल्या दोन इवल्याशा नळ्या. सप्टेंबरची त्याची परीक्षा आणि तिचं ऑपरेशन यांच्यात आठ दिवसांचं अंतर होतं. पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी त्यानं दिवा मालवला, यंत्र बाजूला ठेवलं आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणलं. ओरडला नाही. नेहमीच्या आवाजात, पण शब्द शब्द सुटा करत म्हणाला, "इशू, भूक लागली का गं तुला, बाळा? खरी पोळी करूया का?"

इशिता त्याच्या ओठांकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती इतकी जवळ आली की तिचं नाक त्याच्या नाकाला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, मराठीत, "तू बोलायला लागलास?"

गुरुनाथनं होकारार्थी मान हलवली. 

"आणि आई? आई पण बोलणार?"

सुलेखा खाली बसली, युनिफॉर्मवर मैदा लागला तरी तशीच, आणि लेकीच्या समोर येऊन म्हणाली, "मी पण गं. मी पण, माझी सोनी."  गुरुनाथच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुरुषमाणसानं अशा वेळी जे करायचं ते, म्हणजे तोंड फिरवायचं, त्याच्या अगदी मनात आलं. पण त्यानं फिरवलं नाही. फिरवलं असतं तर तिला ऐकू आलं नसतं, आणि सांगायचं पाच महिन्यांचं साचलं होतं.